साठीतल्या मेंदूला नवी फूट येते का?

मागच्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या मामांना लकवा मारला. तासगावकडची द्राक्षबाग, फळछाटणीचे दिवस, मामा सकाळी सातला कात्री घेऊन ओळीत शिरले आणि तिसऱ्या-चौथ्या वेलीलाच कात्री हातातून खाली पडली, उचलायला वाकले तर हात हलेचना आणि जीभ जड झाली. मामीनं बघितलं, शेजारच्यांची गाडी काढली आणि तासाभरात मिरजेला पोचवलं, म्हणून मामा आज आहेत. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. पंधरा दिवसांनी घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, पण उजवा हात नुसता लोंबत होता, मनगट आणि बोटं जरा हलायची, इतकंच.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. निम्मे लोक म्हणायचे, "बासष्ट वय झालंय, मेंदूची नस गेली ती गेली, आता हाय त्यात समाधान माना." उरलेल्या निम्म्यांनी मोबाईल काढून रील दाखवले, न्यूरोप्लास्टिसिटी (म्हणजे अनुभवानं मेंदू बदलणं), २१ दिवसांत मेंदू नवा करा, अमुक पावडर, तमुक कोर्स. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू पोरांना बायोलॉजी शिकवतीस न्हवं, मग खरं काय हाय ते सांग."

मी सांगलीत अकरावी-बारावीला शिकवते. मामांना तेव्हा जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितेय, कारण दोन्हीकडचे लोक चुकत होते आणि दोन्ही चुका महागात पडतात. पहिलीनं माणूस प्रयत्नच सोडतो आणि दुसरीनं पैसे जातात, वर हातातले महिने जातात.

आधी गल्ली समजून घेऊ

आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात, म्हणजे न्यूरॉन. प्रत्येक पेशीला एक लांब धागा असतो ज्यातून ती बातमी पाठवते, आणि झाडासारख्या फांद्या असतात ज्यांच्यावर ती दुसऱ्यांच्या बातम्या घेते. गंमत अशी की ह्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे फट असते, इतकी बारीक की केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातला एक. जिथं एका पेशीचं टोक दुसरीच्या फांदीसमोर येतं त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. मी पुढं सरळ 'जोड' म्हणणार आहे. एकेका पेशीला असे हजारो जोड असतात.

सांगलीच्या गावभागातली जुनी गल्ली डोळ्यासमोर आणा. घरं शेजारी शेजारी, पण भिंती वेगळ्या, मधे अरुंद बोळ. बोळापलीकडं हाक जाते, वाटीभर साखर जाते, आजारपणात डबा जातो. काही घरांचं एकमेकांकडं रोजचं येणं-जाणं असतं, काहींचं सणावारी, आणि काही घरं वर्षानुवर्षं शेजारी असून तोंडओळखीपुरतीच. पेशीच्या आत बातमी विजेच्या रूपात पळते, पण बोळ ओलांडताना तिला रसायनाच्या वाटीत बसून जायला लागतं. समोरच्या भिंतीत ती वाटी घेणारे दरवाजे असतात.

सायकल चालवता येणं, आईचा आवाज ओळखणं, पाढे पाठ असणं, हे सगळं कुठल्या एका पेशीत ठेवलेलं नसतं. कोणत्या घराचं कोणत्या घराकडं किती येणं-जाणं आहे, त्या सगळ्या जाळ्यात ते असतं. अनुभवानं मेंदू बदलतो म्हणतात तेव्हा मुख्यतः हे येणं-जाणं बदलत असतं.

येणं-जाणं वाढतं म्हणजे नक्की काय होतं

१९४९ साली डोनाल्ड हेब नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं एक अंदाज मांडला, की एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा जागं करण्यात वाटा उचलत असेल तर त्या दोघींमधला जोड मजबूत होत असणार. तेव्हा तो नुसता विचार होता, पुरावा नव्हता. पुरावा आला १९७३ साली, टिम ब्लिस आणि टेरिए लोमो ह्या दोघांनी नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये केलेल्या प्रयोगांतून. भूल दिलेल्या सशाच्या मेंदूत, आठवणींशी संबंध असलेल्या भागात त्यांनी विजेचे पटापट झटके दिले. नंतर तीच साधी बातमी पाठवली तर पलीकडून आधीपेक्षा मोठा प्रतिसाद यायला लागला, आणि तो कितीतरी तास टिकला. म्हणजे वापरानं जोड बदलला होता, आणि तेही मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या सशात.

आता दरवाज्याचं बघा, हा भाग मला वर्गात शिकवताना सगळ्यात जास्त आवडतो. समोरच्या भिंतीत दोन प्रकारचे दरवाजे असतात. साधा दरवाजा बाहेरून टकटक झाली की उघडतो, झालं काम. दुसऱ्याच्या तोंडात मात्र मॅग्नेशियमचा खडा अडकलेला असतो. बाहेरून नुसती टकटक करून भागत नाही, घरातली माणसंही त्याच क्षणी जागी असायला लागतात, म्हणजे ती पेशी स्वतःही तेव्हाच चांगली उत्तेजित झालेली असायला लागते, तरच तो खडा निघतो आणि आत कॅल्शियम शिरतं. (ह्या दरवाज्याला एनएमडीए रिसेप्टर म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल, खडा विसरू नका.) कॅल्शियम आत आलं म्हणजे घराला निरोप पोचला, की शेजाऱ्याची हाक आणि आपली जाग एकाच वेळी होतेय, ह्या घराशी संबंध वाढवण्यासारखा आहे. मग थोड्याच वेळात आत ठेवलेले साधे दरवाजे आणून त्या भिंतीत जास्तीचे बसवले जातात. उद्या तीच हाक आली तर जास्त दारं उघडतात.

उलटंही होतं. हाक येतेय पण घराचा प्रतिसाद मंद, कॅल्शियम जरा जरा झिरपतंय, असं चालू राहिलं की दरवाजे काढून घेतले जातात आणि जोड कमजोर होतो. हे फार गरजेचं आहे, नाहीतर सगळीच घरं सगळ्यांना हाका मारत बसतील आणि नुसता गोंगाट होईल.

पण दरवाजे वाढवणं हे झालं तात्पुरतं काम, तासा-दोन तासांचं. आठवण महिनोन्‌महिने टिकायची असेल तर पेशीला नवीन प्रथिनं तयार करायला लागतात, त्यासाठी जनुकं चालू व्हायला लागतात. हे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं आणि २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गोगलगाईच्या शेपटीला एकदा झटका दिला तर ती थोडा वेळच दचकते. बरेच दिवस पुन्हा पुन्हा झटके दिले तर ते दचकणं पक्कं होतं, आणि तेव्हा तिच्या संवेदना घेणाऱ्या पेशींचे जोड मोजले तर ते जवळपास दुप्पट झालेले दिसतात. नुसते दरवाजे नाही, नवीन घरोबेच तयार झालेले.

फूट येते, आणि फेल काढायला लागते

इथं मामांना मी बागेचीच भाषा वापरली. मोठ्या माणसाच्या मेंदूत पेशीच्या फांद्यांवर बारीक बारीक फुटी येत असतात, बहुतेक जोड ह्या फुटींवरच बसतात. पूर्वी जिवंत मेंदूत हे बघायची सोय नव्हती. गेल्या पंचवीसेक वर्षांत असे मायक्रोस्कोप आले की जिवंत उंदराच्या मेंदूतली एकच फांदी आज बघायची, उद्या बघायची, महिन्यानं परत तीच शोधून बघायची.

२००९ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना एक काम शिकवलं. पेटीला एक फट, पलीकडं एक दाणा, पंजा फटीतून बाहेर काढून दाणा नेमका उचलायचा. शिकायला सुरुवात केल्यावर तासाभरात उंदराच्या मेंदूच्या त्या पंजाच्या भागात नवीन फुटी दिसायला लागल्या! पुढच्या दिवसांत काय झालं, तर सराव चालू ठेवलेल्या उंदरांत त्यातल्या बऱ्याच नव्या फुटी टिकल्या आणि काही जुन्या फुटी गळून गेल्या, एकूण संख्या परत जवळपास पहिल्यासारखी. आणि हे नुसत्या कोवळ्या उंदरांत नाही, मोठ्या उंदरांना नवीन काम शिकवलं तरी दिसलं.

बागायतदाराला हे वेगळं समजवायला लागत नाही. छाटणीनंतर वेल फुटतो तो वारेमाप फुटतो. सगळ्या फुटी ठेवल्या तर माल येत नाही, म्हणून आपण फेल काढतो, म्हणजे नको त्या फुटी खुडतो, मग घडांची विरळणी करतो, आणि जी काडी कामाची तिला जागा आणि ऊन मिळेल असं बघतो. मेंदूतला फेल कोण काढतं, तर वापर. जी फूट कामाला आली ती राहिली.

मामा लगेच म्हणाले, "म्हंजी फूट आली म्हणून भागत न्हाई." तेच तर.

उंदरांचं ठीक आहे, माणसांचं बोला

माणसाच्या मेंदूत असं डोकावून एकेक फूट बघता येत नाही, एमआरआयमध्ये जोड दिसत नाहीत, भागांचा आकार आणि त्यांचा आपसातला संवाद दिसतो. त्यामुळं माणसांचे पुरावे जरा दुरून घेतलेले आहेत, हे लक्षात ठेवून पुढं वाचा.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल. तिथं काळी टॅक्सी चालवायची तर शहराच्या मध्यातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, तयारीला तीन-चार वर्षं जातात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं की ह्या ड्रायव्हरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची मागची बाजू मोठी असते. लगेच शंका आली की ज्यांचा तो भाग आधीच मोठा तेच ह्या धंद्यात टिकत असतील. शंका रास्त होती, म्हणून मग शिकाऊ लोकांना सुरुवातीपासून धरलं, ७९ जण, त्यातले ३९ पास झाले, आणि २०११ मध्ये निकाल छापला. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. पास झालेल्यांत तो भाग वाढला, नापास झालेल्यांत वाढला नाही. आणि एक गोष्ट लोक सांगत नाहीत, ह्या पास झालेल्यांना नवीन आकृती लक्षात ठेवायच्या एका चाचणीत इतरांपेक्षा कमी मार्क पडले. मेंदू एक देतो तेव्हा कुठंतरी थोडं घेतो.

पण मला जवळचा वाटतो तो आपल्याकडचा, लखनौजवळच्या खेड्यांतला अभ्यास, २०१७ साली आलेला. तिशीच्या आसपासची माणसं, बहुतेक बायका, ज्यांना अक्षरओळख नव्हती. सहा महिने त्यांना देवनागरी शिकवली, तीच बाराखडी जी तुम्ही आत्ता वाचताय. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन काढले. डोळ्यांकडून आलेली माहिती घेणारा मेंदूच्या वरच्या थरातला भाग आणि मेंदूच्या खोलवरचे, नजर कुठं वळवायची ते ठरवायला मदत करणारे भाग, ह्यांच्यातला ताळमेळ वाढलेला दिसला. सहा महिन्यांत, तिशीत, घरचं-शेतातलं करून. आमच्या गल्लीतल्या एक आजी सत्तरीत सही करायला शिकल्या, पहिले कितीतरी दिवस त्या पाटीवर एकच अक्षर गिरवत बसायच्या आणि सुनेला वाटायचं ह्यांना काय जमणार. तो लखनौचा पेपर वाचला तेव्हा मला त्या आजीच आठवल्या.

आणि एक तिसरा, चेंडू हवेत फिरवत ठेवायच्या खेळाचा, २००४ सालचा. मोठ्या माणसांनी तीन महिने सराव केला, हालचाल बघणारा मेंदूचा भाग किंचित वाढला. सराव सोडला, तीन महिन्यांनी परत बघितलं, वाढ ओसरलेली. येणं-जाणं थांबलं की नातं पातळ होतं, तसंच.

मग लहानपणाचं महत्त्व काहीच नाही का?

आहे, खूप आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही आठवडे झाकून ठेवला, मग उघडला, तर डोळा चांगला असूनही मेंदू त्या डोळ्याकडं लक्षच देईना. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच वेळ झाकला तर काही बिघडलं नाही. १९८१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे काही गोष्टींसाठी लहानपणी एक मोसम असतो, तो गेला की गेला. (म्हणूनच सांगते, मूल तिरळं बघत असेल किंवा एका डोळ्यानं कमी दिसतंय असं वाटलं तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या.)

मोसम संपताना मेंदू मुद्दाम ब्रेक लावतो, काही पेशींभोवती प्रथिनांची जाळी विणली जाते, जोड पक्के होतात. ते चांगलंच आहे. रोज सगळं बदलत राहिलं तर काल शिकलेलं आज उरणार नाही आणि मामांना साठ वर्षांची बाग आठवणार नाही. जुन्या शास्त्रज्ञांनी, अगदी रामोन ई काहाल यांच्यासारख्या थोर माणसानंही, मोठ्या मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात असं लिहिलं होतं आणि पुढं कितीतरी दशकं डॉक्टर तेच मानत आले. ब्रेक असतो हे खरं, पण गाडी बंद नसते.

मोठेपणी ब्रेक सैल कधी होतो, तर लक्ष असतं तेव्हा. एखादी गोष्ट महत्त्वाची वाटली, नवीन वाटली, जमल्याचा आनंद झाला की मेंदूच्या खालच्या भागातून अॅसिटिलकोलिन, डोपामिन अशी रसायनं सुटतात आणि 'आत्ताचं हे धरून ठेवा' असा निरोप गल्लीभर फिरतो. टीव्ही बघत बघत केलेल्या व्यायामाचा आणि मन लावून केलेल्या व्यायामाचा फरक इथंच पडतो. लहान मुलाला ह्याची तितकी गरज नसते, आपल्याला असते.

एक भाग मेला तर शेजारचा भाग त्याचं काम करतो म्हणतात, खरं आहे?

अर्धं खरं. मामांच्या मेंदूतल्या ज्या पेशी रक्त न मिळाल्यानं मेल्या त्या परत आल्या नाहीत. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन पेशी जन्मतात का ह्यावर तर अजून वाद चालू आहे, २०१८ साली एकाच वसंतात एका गटानं 'जवळजवळ नाहीत' आणि दुसऱ्यानं 'भरपूर आहेत' असं छापलं. लकवा झालेल्या माणसानं नवीन पेशींची वाट बघत बसू नये.

वाचलेल्या पेशी मात्र आपले जोड बदलू शकतात. हाताकडं जाणारी मोठी वाट बंद झाली तरी आजूबाजूला कमी वापराच्या, कच्च्या वाटा असतातच. २०१९ च्या महापुरात सांगलीत निम्मे रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा ज्या बोळांतून एरवी कुणी जायचं नाही त्यातून माणसं, दूध, औषधं जायला लागली. बोळ आधीपासूनच होते, रहदारी नवीन होती.

इथं एक मोठा गैरसमज दूर करायला पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मायकल मर्झेनिक यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की बोट काढलं तर मेंदूतली त्या बोटाची जागा शेजारच्या बोटांना प्रतिसाद द्यायला लागते. त्यावरून लोकांनी फारच लांबची उडी मारली, की मेंदूची कुठलीही जागा कुणीही बळकावू शकतं. पण २०२५ साली तीन माणसांचा अभ्यास छापून आला, ज्यांचे हात कापावे लागणार होते. त्यांचे स्कॅन ऑपरेशनच्या आधी काढले आणि नंतरही काढले, तर नसलेल्या हाताचा नकाशा मेंदूत जवळपास तसाच होता. मालक गावाला गेला म्हणून घर लगेच दुसऱ्याच्या नावावर होत नाही. थोडक्यात, मेंदू सगळं नव्यानं बांधत नाही, आहे त्याच जाळ्यात कमी-जास्त करतो. मला हे ऐकून निराशा वाटली नाही, उलट आपण कशाची आशा धरायची ते नेमकं कळलं.

मामांच्या बाबतीत दुसरा शत्रू होता, सवय. लकव्यानंतर माणूस आजारी हात उचलायला जातो, जमत नाही, ग्लास सांडतो, लाज वाटते, मग चांगल्या हातानं काम भागवतो आणि ते पटकन भागतं. मेंदू काय शिकतो, तर उजवा हात वापरायचाच नाही. अमेरिकेतले एडवर्ड टॉब यांनी हे ओळखलं आणि उपाय काढला, की चांगला हातच अडकवून ठेवायचा. २००६ साली २२२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले लोक, दोन आठवडे जागेपणी बहुतेक सगळा वेळ चांगल्या हातात जाड मोजा आणि रोज कितीतरी तास आजारी हाताचा सराव. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ह्यांचा हात जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकला होता.

पण हे घरच्या घरी मनानं करू नका. मनगटाची आणि बोटांची थोडी तरी हालचाल असायला लागते, पहिल्या दिवसांत जोर लावला तर नुकसानही होऊ शकतं, तोल जाऊन माणूस पडू शकतो. फिजिओथेरपिस्टनं बघून सांगितल्यावरच.

मामांकडं येणारी फिजिओ पोरगी पंचविशीची होती, पण ऐकायची नाही. चौथ्या महिन्यात तिनं मामांच्या डाव्या हातात गरम भांडी उचलायचा जाड हातमोजा चढवला, समोर ताटात घरचेच बेदाणे पसरले, शेजारी वाटी ठेवली आणि म्हणाली, "मामा, उजव्या हातानं एकेक वाटीत टाकायचा." पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार. घामानं शर्ट भिजला होता, मामी आत जाऊन रडत होती, मामा तिला ओरडले, "रडाय काय झालं, चार झालं की." मला त्या क्षणी तो उंदीर आणि फटीपलीकडचा दाणा आठवला. मोठे बेदाणे जमायला लागले की ती बारीक ठेवायची, म्हणजे काम कायम जमतंय-नाही-जमतंय ह्याच्या काठावर. अगदी सोप्या कामात मेंदूला नवीन काही शिकायला उरत नाही, फार अवघड असलं तर माणूस सोडून देतो.

मग ब्रेन-गेमचे ॲप, मेमरीचे क्लास?

ॲपमधला खेळ रोज खेळलात तर त्या खेळात हुशार व्हाल, एवढं नक्की. पण त्यामुळं दुकानात हिशेब चटकन होईल, नावं लक्षात राहतील, विसराळूपणा टळेल, ह्याला भरवशाचा पुरावा फारसा नाही, कारण ज्या घरांत येणं-जाणं झालं त्यांचाच घरोबा वाढतो, गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा नाही. २०१६ साली अमेरिकेत सरकारी यंत्रणेनं अशाच एका मोठ्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरायला लावले होते.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचं, म्हणजे मुलाचा मधला मेंदू 'चालू करून' देतो म्हणणाऱ्या क्लासचं, तर बोलायलाच नको. डोळ्यांना पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, तिथून वाचतात. मिडब्रेन प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो, तो बंद असता तर मूल जागं राहू शकलं नसतं. ज्या साताऱ्यातून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं, तिथंही आईबाप असल्या क्लासला हजारो रुपये भरतात हे ऐकलं की जीव तुटतो. मुलाला त्याच पैशात पोहायला घाला, मिरजेत सतार शिकायला पाठवा, गोष्टींची पुस्तकं आणून द्या. आणि आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो हेही खोटं आहे, सगळाच वापरतो.

हे चांगल्याच गोष्टींसाठी होतं असं नाही

मेंदूला चांगलं-वाईट कळत नाही, पुन्हा पुन्हा काय होतंय तेवढं कळतं. वेदना बरेच महिने चालली की वेदनेची बातमी नेणारे जोडही असेच मजबूत होतात आणि मूळ जखम भरली तरी दुखणं उरतं. लोक अशा माणसाला म्हणतात, नाटक करतोय. नाटक नसतं ते. व्यसनातही हीच यंत्रणा, म्हणून दारू सोडलेल्या माणसाला जुन्या अड्ड्यावरून नुसतं जाताना तलफ येते. दर दोन मिनिटांनी फोन बघायची सवयही सरावच आहे, आपण त्यात किती पक्के झालोय ते सांगायला नको.

आणि झोप. २०१४ साली उंदरांवरच दिसलं की नवीन काम शिकल्यावर झोपू दिलं तर जास्त नव्या फुटी येतात, जागं ठेवलं तर कमी, आणि नंतर कितीही जादा सराव करून घेतला तरी तो तोटा भरून निघेना. बारावीची पोरं रात्र रात्र जागतात तेव्हा मी हे दरवर्षी सांगते, दरवर्षी त्यांना खोटं वाटतं. मामांना मात्र फिजिओनं दुपारची झोप सक्तीची केली होती आणि तेवढी एक गोष्ट त्यांनी कुरकुर न करता पाळली.

मामांचं काय झालं

दोन आठवड्यांनी अर्ध्या तासात साठ बेदाणे व्हायला लागले. त्यानंतर महिनाभर काहीच प्रगती नाही, मामा चिडचिडे झाले, हातमोजा भिरकावला, चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग परत सुरू. पुढं चमचा आला, मग वरणभात, मग मोबाईलची बटणं. एप्रिलच्या खरड छाटणीला कात्री हातात धरली पण दाबली जाईना.

ह्या ऑक्टोबरात फळछाटणीला मी मुद्दाम गेले. मामांनी एक ओळ स्वतः छाटली, उजव्या हातानं. पूर्वी एका ओळीला लागायचा त्याच्या चौपट वेळ लागला, दर चार वेलींना खुर्चीवर बसायला लागलं, शर्टाचं वरचं बटण अजून मामीच लावते आणि पेनानं सही अजून वाकडी येते. ओळ संपल्यावर मला हाक मारली, "ये, डोळं मोजून बघ." मी एकेका काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागा, मोजत गेले. एका काडीवर एक डोळा जास्त राहिला होता, ते सांगितल्यावर मामा खुर्चीवरून उठले आणि कात्री लावून तो काढून आले.